अमेरिकेतली नोकरी गेली: हातातले ६० दिवस आणि नागपूरचं घर

माझी नोकरी गेली हे घरी सांगायला मला १९ दिवस लागले. २०२३ सालची गोष्ट. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा विचारायचे, "ऑफिस बरं चाललंय नं?" आणि मी म्हणायचो, "हो, चाललंय." नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला हातात एकूण ६० दिवस होते, त्यातले १९ मी लाजेपायी घालवले. विसाव्या दिवशी सांगून टाकलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. कागद कोणकोणते लागतील ते लिहून पाठव."

तिथून माझं डोकं चालायला लागलं. बावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला, दोन वर्षं आणखी काम केलं आणि मग स्वतःच्या मर्जीनं नागपूरला परत आलो. आता कॉलेजचे ज्युनियर, शेजाऱ्यांची मुलं, मित्रांचे भाऊ फोन करतात. डॅलसला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा प्रतापनगरात पहाटेचे साडेचार झालेले असतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमानं लिहितो आहे. नागपुरात बसून काळजी करणाऱ्या आई-बाबांनीही वाचावं, कारण यातली काही कामं फक्त तेच करू शकतात.

हा लेख मुख्यतः एच-१बीवाल्यांसाठी, म्हणजे कंपनीनं अर्ज करून मिळालेल्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी आहे. एल-१ (कंपनीतल्या कंपनीत बदली) आणि ओ-१ (असाधारण गुणवत्ता) वाल्यांनाही ६० दिवसच मिळतात, पण एल-१ दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर असलेल्या विद्यार्थ्यांचा हिशेब वेगळा: एकूण ९० दिवस बेरोजगार राहता येतं, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान पदवीचं) एक्स्टेन्शन घेतलं असेल तर सगळे मिळून १५०.

पहिल्या दिवशी तारीख मोजा

ज्या दिवसाचा पगार तुम्हाला शेवटचा मिळाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस सुरू होतात. कामाचे नाहीत, कॅलेंडरचे. शनिवार-रविवार, सुट्ट्या, सगळं धरून. समजा शेवटचा पगारी दिवस ६ मार्च. मग ७ मार्च हा पहिला दिवस आणि ५ मे हा साठावा.

पण आय-९४ वरची, म्हणजे देशात येण्या-राहण्याच्या सरकारी नोंदीवरची तारीख त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपते. आय-९४ वर २० एप्रिल असेल तर तुमच्याकडे ५ मे नाही, २० एप्रिल आहे. पुष्कळ जण पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पची तारीख बघतात. तो स्टॅम्प देशात शिरण्यासाठी असतो, राहण्याची मुदत आय-९४ ठरवतो. शेवटचं एक्स्टेन्शन अमेरिकेतच झालं असेल तर नवा आय-९४ आय-७९७ च्या, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याच्या सरकारी नोटिशीच्या खालच्या भागात असतो. परदेशातून आला असाल तर सीबीपीच्या, म्हणजे सीमा आणि कस्टम्स खात्याच्या संकेतस्थळावरून काढा.

हे ६० दिवस जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानं मिळाले. त्याआधी नोकरी सुटली की पायाखालची जमीनच जायची. आजही हा हक्क नाही, सवलत आहे. एका मंजूर मुदतीत एकदाच मिळते. आणि या काळात काम करता येत नाही: फ्रीलान्स नाही, पैसे घेऊन टॅक्सीसारखी गाडी चालवणं नाही, मित्राच्या स्टार्टअपला "फुकट मदत" सुद्धा नाही.

एच-४ वर असलेली बायको किंवा नवरा आणि मुलं यांचेही हेच ६० दिवस. त्यांची वेगळी घड्याळं नसतात.

तारीख काढली की ती कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि तोच फोटो नागपूरला पाठवा. त्याच दिवशी. माझ्यासारखा वेळ दवडू नका.

लॅपटॉप परत देण्याआधी

हे काम काही तासांचं असतं, कधी काही मिनिटांचं. आपला व्यक्तिगत ईमेल ऑफिसच्या लॉगिनला जोडलेला असेल तर आधी तो सोडवा. मग आपल्या नावाचे कागद गोळा करा: सगळे आय-७९७, शेवटच्या तीन-चार महिन्यांचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), मागच्या वर्षांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगार-कराचे दाखले), ऑफर लेटर, नोकरी संपल्याचं पत्र, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असेल तर पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) चे कागद. कंपनीचा कोड किंवा कामाच्या फाइली मात्र काढू नका. त्यातून नवीन भानगड उभी राहते.

आय-१४० ची प्रत कंपनी देत नसेल तर निदान रिसीट नंबर मिळवा. पुढे माहितीच्या कायद्याखाली, म्हणजे फोइया अर्ज करून, यूएससीआयएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून प्रत मागता येते.

मॅनेजर चांगला असेल तर त्याच आठवड्यात अनुभवाचं पत्र मागून घ्या. "इतकी वर्षं काम केलं" एवढं पुरत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणतं काम, कोणतं तंत्रज्ञान, हे सविस्तर हवं. चार वर्षांनी नवी कंपनी तुमचं पर्म करेल तेव्हा हेच पत्र लागेल आणि तोवर तो मॅनेजर कुठे असेल कोणास ठाऊक.

सही करण्याआधी

सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना देऊ केलेल्या पैशांचा करार लगेच सही करून देऊ नका. वय ४० किंवा जास्त असेल तर विचार करायला कायद्यानं २१ दिवस द्यावे लागतात, एकाच वेळी अनेकांना काढलं असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते.

एक गोष्ट मागून बघा. एकरकमी पैसे देण्याऐवजी तेवढे आठवडे पेरोलवर ठेवता का, असं विचारा. एकरकमी सेव्हरन्सनं ६० दिवस पुढे सरकत नाहीत. पेरोलवरची तारीख पुढे गेली तर बहुधा सरकतात. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना मोठ्या कपातीच्या वेळी वॉर्न कायद्याप्रमाणे ६० दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि बऱ्याच कंपन्या तो काळ माणसाला घरी बसवून पगार देतात. माझं मत असं की आखणी मात्र काम थांबल्या दिवसापासूनच करा. पेरोलमुळे मिळालेले दिवस वरचे धरा, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

आणि "राजीनामा दिला असं दाखवू, रेकॉर्ड चांगलं राहील" असं एचआर म्हणाली तर थांबा. मंजूर मुदत संपण्याआधी कंपनीनं काढलं असेल तर तुमच्या मायदेशी परतीचा वाजवी प्रवासखर्च कंपनीला द्यावा लागतो. तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर तो हक्क जातो. हा खर्च फक्त कर्मचाऱ्याचा, कुटुंबाचा नाही. तरी लेखी मागा.

कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तुमच्याशी तो गोड बोलेल, पण तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या पैशानं एका इमिग्रेशन वकिलाचा तासभर घ्या. सल्ल्याला जाताना वरचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून न्या, म्हणजे तास तुमचा इतिहास सांगण्यात जाणार नाही.

आरोग्य विम्याचं एवढंच: कंपनीचा विमा कधी संपतो ते विचारा. कोब्रा, म्हणजे कंपनीचाच विमा स्वखर्चानं चालू ठेवण्याची सोय, घ्यायला ६० दिवस मिळतात आणि तो मागील तारखेपासून लागू होतो, पण हप्ता पूर्ण तुमचा, वर दोन टक्के. सरकारी मार्केटप्लेसवरचा विमाही ६० दिवसांत घेता येतो. घरात लहान मूल असेल तर एकही दिवस विम्याविना ठेवू नका.

रस्ता पहिला: नवी कंपनी

ज्याला सगळे एच-१बी ट्रान्सफर म्हणतात तो खरं तर नव्या कंपनीचा नवा अर्ज असतो. तो साठाव्या दिवसाच्या आत यूएससीआयएसकडे पोहोचला पाहिजे. पोस्टात टाकला हे चालत नाही. वेळेत पोहोचला की मंजुरीची वाट न बघता कामाला लागता येतं. एच-१बीच्या वार्षिक मर्यादेसाठी जी लॉटरी काढतात, तिच्यातून पुन्हा जावं लागत नाही.

आता उलटं मोजा. अर्जाच्या आधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा दाखला) लागतो, त्याला कामाचे ७ दिवस जातात. वकिलाला कागद जुळवायला आठवडा धरा. कुरिअर, सह्या, राहिलेला एखादा दाखला यांना चार दिवस. म्हणजे ऑफर लेटर चाळिसाव्या दिवसापर्यंत हातात हवं. चाळिसावा दिवस उजाडला आणि मुलाखतींच्या फेऱ्या अजून सुरूच असतील, तर दुसरा रस्ता त्याच दिवशी उघडायला घ्या.

मुलाखतीत पहिल्याच फोनवर सांगा की मला एच-१बी ट्रान्सफर लागेल आणि अमुक तारखेच्या आत अर्ज जायला हवा. संकोच करू नका. ज्या कंपनीला जमणार नाही ती पहिल्या दिवशीच नाही म्हणू दे. माझ्या वेळी एका कंपनीत पाच फेऱ्या झाल्या आणि शेवटी कळलं की त्या पदाला स्पॉन्सरशिपच नाही. नऊ दिवस गेले.

विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या वार्षिक मर्यादेच्या बाहेर असतात. पगार कमी असतो आणि भरती हळू, तरी एल-१ वाल्यांनी आणि कधी लॉटरी न लागलेल्यांनी तिथे जरूर बघावं.

साठ दिवस उलटल्यावर अर्ज गेला तर उशीर माफ करणं यूएससीआयएसच्या मर्जीवर असतं. पुष्कळदा अर्ज मंजूर होतो पण तुम्हाला देशाबाहेर जाऊन परत यायला सांगतात. हल्ली या "बाहेर जाऊन या" ची किंमत फार वाढली आहे. त्याबद्दल पुढे.

रस्ता दुसरा: स्टेटस बदलणं

नवरा किंवा बायको स्वतःच्या एच-१बीवर असेल तर आय-५३९ (स्टेटस बदलाचा अर्ज) भरून एच-४ वर जाणं सगळ्यात सरळ. घरात दोघंही कमावते असतील तर हा अर्ज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तयार ठेवा. नंतर नोकरी मिळाली की परत एच-१बी, लॉटरीशिवाय.

दुसरा पर्याय बी-२, म्हणजे पाहुण्याचं स्टेटस. हाही आय-५३९ वरच. ऑनलाइन भरला तर फी ४२० डॉलर, कागदावर ४७०. साठ दिवसांच्या आत भरला आणि अर्ज खरा असेल तर निकाल लागेपर्यंत तुमचं राहणं बेकायदा मोजलं जात नाही. बी स्टेटसवर नोकरी शोधणं आणि मुलाखती देणं चालतं असं यूएससीआयएसनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. काम करणं अर्थातच नाही.

या अर्जाला पत्र जोडायचं असतं: का राहायचं आहे, किती दिवस, खर्च कुठून करणार, आणि परत जाण्यासारखं तुमचं भारतात काय आहे. मुलांची शाळा मेअखेर संपते, घराचा करार मोडायचा आहे, गाडी विकायची आहे, ही खरी कारणं आहेत, तीच लिहा. बँकेचं स्टेटमेंट लावा. आणि "भारतात काय आहे" यासाठी नागपूरचं घर कामाला येतं.

बाबांनी काय केलं ते सांगतो, कारण ते करण्यासारखं आहे. काटोलकडे आमची थोडी संत्र्याची बाग आहे. त्यांनी महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्यावर आजोबांच्या वारसांमध्ये माझंही नाव आहे. यूएससीआयएसला मराठी कागद तसाच चालत नाही. पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं "मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे" असं लिहून सही करावी लागते. नोटरीची गरज नाही. माझी मावशी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिनं दोन रात्री बसून भोगवटादार, पोटखराब, आकारणी या एकेका शब्दाला इंग्रजी शब्द शोधला आणि खाली सही केली. ती फाइल हिरव्या नाडीची, आमच्या लोखंडी कपाटात अजून आहे. ती लागली नाही, कारण त्याआधी नव्या कंपनीचा अर्ज गेला. पण पंचेचाळिसाव्या दिवसानंतर मला झोप लागायची ती त्या फाइलमुळे.

बी-२ चं एक वर्म आहे. साठ दिवस उलटून गेले, बी-२ चा अर्ज अजून प्रलंबित आहे आणि आता नव्या कंपनीनं एच-१बीचा अर्ज केला, तर नुसत्या रिसीटवर कामाला लागता येत नाही. स्टेटस बदलाची मंजुरी यावी लागते. मधला बी-२ नाकारला गेला तर वरचा सगळा डोलारा कोसळू शकतो. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणाप्रमाणे अर्ज नाकारला आणि तोवर तुमची मुदत संपलेली असेल तर थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस निघू शकते. म्हणून बी-२ ला टेकू समजा, मुक्कामाची जागा नाही. आणि हा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

एफ-१ वर जाऊन शिकणं हा पर्याय ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनीच घ्यावा. पहिल्या दिवसापासून काम देतो म्हणणारी कॉलेजं आहेत. त्यांच्या नावावर नंतर ग्रीन कार्डाच्या वेळी किंवा स्टॅम्पिंगच्या खिडकीवर अवघड प्रश्न येतात. दोन वर्षांची फी भरून ते प्रश्न विकत घेऊ नका.

काहीही करा, पण मुदत संपल्यावर कुठलाच अर्ज न करता तिथे राहू नका. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला आणि मग बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी, एक वर्षाचा झाला तर १० वर्षं.

एक लाख डॉलर आणि मुंबईची खिडकी

पूर्वी आम्ही सरळ सांगायचो: नाही जमलं तर घरी या, नवी कंपनी इथून अर्ज करेल, मुंबईत स्टॅम्प मारून परत जा. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणापत्रानं हा सल्ला बदलला. २१ सप्टेंबर २०२५ पासून, १२ महिन्यांसाठी, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करायचा तर कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागतात. त्याच ऑक्टोबरात यूएससीआयएसनं स्पष्ट केलं की देशात राहूनच एक्स्टेन्शन किंवा स्टेटस बदल मागणाऱ्या आणि तो मिळणाऱ्या अर्जांना ही रक्कम लागू नाही.

याचा व्यवहारातला अर्थ: नोकरी शोधत असताना आईची आठवण येते म्हणून विमानात बसू नका. ४० व्या दिवशी तिथे असलेल्या माणसाला कंपनी नेहमीच्या खर्चात घेऊ शकते. तोच माणूस प्रतापनगरच्या गच्चीवर बसला असेल, आणि त्याचा स्टॅम्प संपला असेल, तर त्याला घ्यायला एक लाख डॉलर. पासपोर्टमधला एच-१बी स्टॅम्प अजून वैध असेल तर गणित वेगळं, म्हणून तिकीट काढण्याआधी स्टॅम्पची तारीख वकिलाला दाखवा. हे घोषणापत्र कोर्टातही गेलेलं आहे, तेव्हा तिकीट काढायच्या आठवड्यात यूएससीआयएसचं पान पुन्हा उघडून बघा.

स्टॅम्पिंगचंही तसंच. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांची मुलाखतीतून सुटका जवळपास बंद झाली आणि दुसऱ्या देशात जाऊन स्टॅम्प घेण्याची सोयही गेली. आपल्या देशातच अर्ज करायचा. आपल्याला म्हणजे मुंबईत बीकेसीतली अमेरिकेची वकिलात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांचे सोशल मीडिया खाते तपासणं सुरू झालं आणि भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या तारखा कित्येक महिने पुढे गेल्या. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट हातात आणि अपॉइंटमेंट रद्द, असे लोक मी पाहिले आहेत. दोन आठवड्यांसाठी लग्नाला म्हणून येऊन इथेच अडकलेले.

ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर

पर्म सुरू असतानाच नोकरी गेली तर ते पर्म संपलं. नव्या कंपनीत पहिल्यापासून. हे कटू आहे, पण आशेवर बसू नका.

आय-१४० मंजूर झालं असेल तर तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, तुमचीच राहते, कंपनी बदलली तरी. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर कंपनीनं ते मागे घेतलं तरी रद्द होत नाही आणि त्याच्या जोरावर सहा वर्षांपुढचं तीन-तीन वर्षांचं एक्स्टेन्शन नव्या कंपनीतही मिळतं. १८० दिवस व्हायचे असतील तर एचआरला नम्रपणे विचारा की तेवढे दिवस मागे घेऊ नका. कुणी विचारलंच नाही म्हणून मागे घेतलं जातं.

आय-१४० मंजूर असलेल्यांना घरात गंभीर आजारपणासारखी असाधारण अडचण असेल तर एका वर्षाचं काम करण्याचं कार्ड मागता येतं. नुसती नोकरी गेली हे कारण सहसा पुरत नाही, आणि त्या कार्डावर काम केलं की एच-१बी स्टेटस सुटतं.

आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात. त्याच प्रकारच्या कामावर दुसऱ्या कंपनीत जाता येतं.

नागपूरच्या घरानं काय करायचं

आधी काय करायचं नाही ते. रोज "काही झालं का?" विचारू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. सीताबर्डीतल्या कुणा एजंटला विचारायला जाऊ नका. अमेरिकेतल्या स्टेटसचं काम तिथला परवानाधारक वकीलच करतो. तुमचं स्वतःचं अमेरिका फिरायला जायचं ठरलं असेल तर पुढे ढकला.

आता कामं. मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला काढून बघा. त्यावर मुलाचं नाव आणि आई-वडील दोघांची नावं आहेत का? जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा नुसतं "मुलगा" असतं. महानगरपालिकेत नाव चढवून घ्या. ग्रीन कार्डाच्या वेळी हा दाखला लागतोच, आणि घाईच्या वेळी सिव्हिल लाइन्सच्या चकरा होत नाहीत. जन्म खेड्यात घरीच झाला असेल आणि नोंद नसेल तर नोंद नसल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा.

कॅनडाचा विचार असेल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. सगळ्या गुणपत्रिका, डिग्री, लग्नाचं प्रमाणपत्र स्कॅन करून एका फोल्डरमध्ये पाठवा. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकसारखं आहे का ते भिंगातून बघा. आई बघेल, आईला हे बरोबर दिसतं.

मनीषनगरला किंवा बेशाला फ्लॅट घेतला असेल आणि त्याचा हप्ता तिकडून जात असेल तर बँकेत जाऊन आत्ताच बोला. हप्ता चुकल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोललेलं ऐकून घेतात.

फसवणुकीची जागा

घाबरलेल्या माणसाला हेरणारे लोक लगेच येतात. "पेरोल चालवून देतो, पैसे तुम्हीच भरा", "अनुभव वाढवून लिहू", "अर्जाची फी अर्धी तुमची". एच-१बी अर्जाचा खर्च आणि कंपनीच्या वकिलाची फी कंपनीनं द्यायची असते, कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. काम नाही म्हणून बेंचवर बिनपगारी बसवणंही बेकायदा आहे. जोवर तुम्हाला रीतसर काढून यूएससीआयएसला कळवलं नाही तोवर पगार द्यावाच लागतो. थकवला असेल तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर तक्रार करता येते. खोटे पे-स्टब दाखवून दोन महिने निघतील, पण फसवणुकीचा शिक्का बसला की अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

परत यायचं ठरलं तर

साठाव्या दिवसाच्या आत निघा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. मुदतीत निघालात याचा तो पुरावा. एच-१बीच्या सहा वर्षांतली जी उरली असतील ती उरतात. चार वर्षं वापरली असतील तर दोन शिल्लक, आणि पुढे कधी संधी आली तर त्यासाठी लॉटरी नाही.

४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, घाईत मोडू नका. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलं तर कराशिवाय काढलेल्या रकमेवर सहसा १० टक्के दंड लागतो. आहे तिथे राहू द्या किंवा आयआरएमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवृत्ती खात्यात वळवा. सोशल सिक्युरिटीचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, झालं आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. भारताशी याबाबत करार नसल्यानं इथली वर्षं तिथे जोडली जात नाहीत.

परत आल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयाचं) खातं रहिवासी खात्यात बदलावं लागतं, डॉलर ठेवायचे असतील तर आरएफसी (परदेशी चलनाचं) खातं उघडता येतं. बरीच वर्षं बाहेर राहिलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही) असा कराचा दर्जा मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. धरमपेठेतल्या नेहमीच्या सीएला परदेशी उत्पन्नाची सवय आहे का ते आधी विचारा.

नोकरीचं खरं सांगतो. मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कात काम आहे, पण तिकडच्या पगाराशी तुलना करत बसाल तर एकही ऑफर पटणार नाही. माझ्या ओळखीतले बरेच जण आधी पुणे किंवा हैदराबादला गेले. काही जण अमेरिकेतल्या जुन्याच टीमसाठी नागपुरात बसून काम करतात. निघण्याआधी जुन्या मॅनेजरला हे विचारायला विसरू नका. मी विचारलं होतं, आणि आज त्याच कामावर आहे.

मुलं अमेरिकन नागरिक असतील तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड तिथूनच करून आणा, वेळ नसेल तर निदान व्हिसा. त्याशिवाय मुलाला विमानात बसू देणार नाहीत. लसीकरणाची नोंद आणि शाळेचे रिपोर्ट कार्ड बरोबर घ्या. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. ४५ डिग्रीच्या मे महिन्यात पोट्ट्यांना एकदम शाळेत घालण्यापेक्षा जूनपर्यंत आजीजवळ राहू द्या.

आणि अमेरिकन फोन नंबर बंद करू नका. स्वस्त प्लॅनवर किंवा गूगल व्हॉइसवर पोर्ट करून घ्या, निघण्याआधी, तिथे असतानाच. ४०१(के), बँक, कर परतावा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. जुन्या कंपनीला नागपूरचा पत्ता पिनकोडसह लेखी कळवा, कारण शेवटचा डब्ल्यू-२ पुढच्या जानेवारीत निघतो.